डोळ्यांत घालायचे थेंब
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि आजवरचा सारा कारभार चुलीपुढचा. पण ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे तिची किंमत मी मोजली आहे आणि माझ्याहून जास्त माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्यांना विचारूनच उभी राहिले आहे. "सांग खुशाल, माझे नाव मात्र घेऊ नकोस," असे त्या म्हणाल्या.

2019 सालच्या पावसाळ्यात माझा डावा डोळा लाल झाला. डोळे आले असतील म्हणून दोन दिवस काढले. पण चिपडे येत नव्हती, खाज नव्हती. आत खोल ठणका, उजेड सोसवेना आणि समोरचे धुरकट दिसे. दवाखान्यात हनुवटी टेकवून यंत्रातून पाहिल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे डोळे येणे नव्हे. बुबुळातला तपकिरी पडदा आतून सुजला आहे. त्याला आयरायटिस म्हणतात. त्यांनी प्रेडनिसोलोनचे थेंब दिले. जागेपणी दर तासाला एक. शिवाय बाहुली मोठी करणारे दुसरे थेंब, म्हणजे सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटू नये.

आठ दिवसांत डोळा पांढरा झाला. मला वाटले, झाले काम! औषध थांबवले. पंधरवड्यात दुखणे दुप्पट होऊन परत आले. डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि त्यांचे रागावणे रास्तच होते. हे थेंब एकदम सोडायचे नसतात. दर तासाचे सहा वेळा, मग चार, तीन, दोन, एक, असे त्या सांगतील तसे आठवड्या-आठवड्याने उतरवत न्यायचे. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करू लागले तेव्हा कुठे धड जमले. माझा डोळा या औषधानेच वाचला, हे आधी सांगते. नाहीतर पुढचे ऐकून कोणी चालू औषध घरी जाऊन फेकून द्यायची!

अर्धी बाटली उरली. आपण बायका उरलेले काही टाकत नाही. ती मी देवळीत ठेवली. दिवाळीनंतर जाऊबाई रानात उसाचा पाला काढत होत्या, पात डोळ्याला लागले. डोळा लाल, पाणी गळते आहे. मी म्हटले, "अहो जाऊबाई, माझ्याकडे उत्तम औषध आहे." आणि माझ्या हाताने थेंब घातले. तीन दिवस घातले. पहिल्या दोन दिवसांत लाली उतरली, ठणका कमी झाला. त्यांनी मला आशीर्वाद दिला, भगिनींनो. सहाव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला.

पाल्याबरोबर बुरशी आत गेली होती. हे औषध रोगजंतू मारत नाही. अंगातली सूज आणि लाली, म्हणजे शरीराची स्वतःची लढाई, ते शांत करते. माझ्या डोळ्यात चोर नव्हता, राखणदारच उगाच भुंकत होता. त्याला गप्प करणे योग्य होते. जाऊबाईंच्या डोळ्यात खराच चोर शिरला होता आणि मी राखणदाराला झोपवला. दुखणे थांबले म्हणून आम्ही बरे वाटते म्हणालो. नागिणीच्या जातीचे विषाणू बुबुळावर असले तरी असाच घात होतो. डॉक्टरांनी बुबुळ हलकेच खरवडून काचेवर तपासले, नाटामायसीनचे थेंब महिन्याहून जास्त चालले. डोळा राहिला, पण फूल पडले ते पडलेच. त्या डोळ्याने त्यांना माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. त्या मला कधी लागेल असे बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

आता लेकुरवाळ्या बायकांनी नीट ऐकावे. उन्हाळ्यात मुले डोळे चोळतात, वावडे असते. एकदा चिठ्ठीवर आणलेले थेंब लगेच आराम देतात, म्हणून दर महिन्याला दुकानातून तीच बाटली आणली जाते. चिठ्ठीशिवाय विकू नये असे बाटलीवर छापलेले असते, पण मागितले की मिळते. काही जणांना अशा थेंबांनी काही आठवड्यांतच डोळ्यातला दाब चढतो. तो दुखत नाही. कडेची नजर आधी जाते आणि मुलाला स्वतःला कळतही नाही. तो काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. फार दिवस वापरले तर मोतीबिंदूही होतो, पण त्याला निदान शस्त्रक्रिया आहे. म्हणून थेंब चालू असतील तोवर दाब मोजायला बोलावतील त्या दिवशी जायचेच, लग्नकार्य असले तरी.

बाटलीवरचे नाव वाचा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही या घराण्यातली नावे. पुष्कळदा जंतुनाशकाबरोबर एकाच बाटलीत असतात, म्हणून साधे डोळे आल्याचे औषध वाटते. तिथेच फसगत होते.

घालण्याची रीत मला दवाखान्यातल्या नर्सताईंनी शिकवली. हात धुवायचे. प्रेडनिसोलोनसारखे गढूळ औषध तळाशी बसते, म्हणून बाटली चांगली हलवायची. मी पहिले चार दिवस न हलवता नुसते पाणीच घालत होते! खालची पापणी ओढून एकच थेंब, टोक डोळ्याला लागू द्यायचे नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटांनी. बाटली फोडल्याची तारीख झाकणावर लिहायची आणि महिन्याने ती टाकायची, उरली असली तरी.

आज चहा झाल्यावर मी या खिडकीपाशी बसणार आहे. घरून डोळ्यांच्या बाटल्या आणायला चिटणीसबाईंनी सांगितले होतेच. ज्यांनी आणल्या असतील त्यांनी दाखवा, आपण मिळून नावे वाचू. ज्यांचे औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू आहे त्यांच्या बाटलीला मी हात लावणार नाही. बाकीच्यांसाठी खाली डबा ठेवला आहे. त्यात पहिली बाटली माझी आहे.