हाकेला ओ मिळावी म्हणून
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



स्नेहमेळाव्याच्या व्यासपीठावरून पोलिसांच्या संदेशयंत्रणेविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु मुले मुंबई-पुण्यास नोकरीला आणि वृद्ध आईवडील गावच्या घरी, अशी स्थिती आपल्या किती तरी कुटुंबांत आहे. संकटसमयी त्यांची हाक कोणाच्या कानी पडणार, हा प्रश्न म्हणूनच आम्ही घरचा मानतो.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. वीज गेली आणि पाठोपाठ मोबाईलचे मनोरे मुके झाले. माळ्यावर, छपरावर अडकलेल्या माणसांच्या हाती फोन होते, पण ते असून नसल्यासारखे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडची हीच गत झाली होती. ज्या घटकेस संदेशाची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच घटकेस त्याचे साधन नाहीसे होते.

आणीबाणीसाठी एकच सोपा क्रमांक असावा, ही कल्पना लंडनची. 1935 साली तेथील एका घरास आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. शेजारच्या गृहस्थाचा फोन टेलिफोन केंद्रात रांगेतच अडकून पडला होता. त्यातून 1937 साली 999 हा क्रमांक सुरू झाला. आपल्या देशात 112 ची व्यवस्था 2018 साली प्रथम हिमाचल प्रदेशात आली आणि 2021 साली महाराष्ट्रात. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईस असून दुसरे नागपूरला आहे. तेथे हाक नोंदली जाते व त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षामार्फत जवळच्या पोलीस गाडीवरील पडद्यावर पोचते.

हे सर्व उत्तम आहे; मात्र तार किंवा मनोरा शाबूत असेल तर. तो पडला की भिस्त बिनतारीवर, आणि बिनतारीस आमचे कोकण मोठे अवघड. पोलिसांच्या हातातील लहान संचाच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पूर्वेस सह्याद्री, मधे डोंगरांच्या सोंडा आणि बाणकोटपासून विजयदुर्गापर्यंत खाड्यांची रांग. दरीतल्या गावाचा शब्द पलीकडच्या दरीत जात नाही. त्यासाठी उंच माथ्यावर तो शब्द झेलून पुढे फेकणारे पुनःक्षेपण केंद्र लागते. त्या केंद्रास स्वतःची बॅटरी हवी, सौर पत्रा हवा, विजेपासून संरक्षण हवे. महावितरणच्या एकाच तारेवर पोलिसांचे केंद्र आणि मोबाईलचा मनोरा दोन्ही जगत असतील, तर ती दोन साधने नव्हेत, एकच होय.

आणि मुदत? ती कोणत्याही कचेरीने घातलेली नसते, मृग घालतो. 7 जूनपूर्वी खांब उभे राहून, बॅटऱ्या भरून, प्रत्येक ठाण्याशी बोलणे होऊन गेले पाहिजे. पावसात त्या माथ्यांवर चढणेच कठीण. अशी घाई असली की चाचणीचे दिवस प्रथम कापले जातात. आमच्या मते कापावयाचेच असेल तर शोभेचे काही कापावे. भर पावसात, वीज मुद्दाम बंद करून घेतलेली एक चाचणी दहा उद्घाटनांहून मोलाची.

गुप्ततेविषयीही बोलले पाहिजे. जुन्या संचांवरील संभाषण साधे यंत्र असलेला कोणीही ऐकू शके. 1993 साली रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरली, हे स्मरता पोलिसांचा शब्द कुलुपबंद असावा हे कोणीही मान्य करील. आता अंकीय संचांवर सांकेतिक किल्लीने तो बंद करता येतो. परंतु पुरात तटरक्षक दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अशी बाहेरची मंडळी येतात. त्यांच्यापाशी ती किल्ली नसेल तर शेजारी उभे असूनही परस्परांस ऐकू येत नाही. सबब मदतीसाठी एक सामाईक मार्ग अगोदरच ठरवून, सर्वांच्या संचांत भरून ठेवावा लागतो. पूर आल्यावर तो ठरवीत बसणे व्यर्थ.

यंत्राचे इतके झाले, आता माणसाचे. आमच्याकडे तीन गावांत एकाच नावाची वाडी आणि एका वाडीस तीन नावे! डोंबिवलीहून मुलगा गुहागरच्या आईसाठी 112 लावतो, तेव्हा यंत्रास दिसते ते डोंबिवली. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, वाडी व ठळक खूण प्रथम सांगावी. काय घडले ते त्यानंतर. आणि फोन आपण होऊन ठेवू नये.

आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की, कुटुंबयादीचे नवे अर्ज निघतील त्यांत वाडी, घराजवळची खूण, गाडी कोठवर येते आणि शेजाऱ्याचा फोन, असे चार रकाने घालावेत. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. ते अर्ज तेव्हाच भरून घ्यावेत. मात्र ही माहिती या स्मरणिकेत छापू नये. एकट्या वृद्धांची यादी चोरासही तितकीच उपयोगी असते. एक प्रत चिटणिसांच्या कुलुपात असावी आणि दुसरी, ज्यांची संमती असेल त्यांचीच, मृगापूर्वी त्या त्या पोलीस ठाण्यात नेऊन द्यावी.