आफ्रिकेची नभोवाणी : ढोलाच्या बोलापासून श्रोत्याच्या पत्रापर्यंत



पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या नभोवाणीने आपली ओळख म्हणून ढोलाचा ध्वनी स्वीकारला. आकान लोकांचे 'आतुम्पान' हे ढोल जोडीने वाजविले जातात. एकाचा आवाज चढा, तर दुसऱ्याचा खालचा. आकान भाषेत स्वरांच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ अवलंबून असल्यामुळे कुशल वादक या जोडीवर चक्क वाक्ये वाजवू शकतो. महाराष्ट्रातील दवंडीत आधी वाद्य वाजते आणि मग माणूस बोलतो. येथे वाद्यच बोलते. नभोवाणीवरून घुमणाऱ्या त्या बोलांचा अर्थ होता, 'घानावासीयांनो, ऐका.'

हा बोल नभोवाणीवर येण्यापूर्वी मात्र बराच काळ जावा लागला. १९३५ साली आक्रा शहरात नभोवाणी सुरू झाली, तेव्हा हा प्रदेश 'गोल्ड कोस्ट' या नावाने ब्रिटिश अमलाखाली होता. तारांनी जोडलेल्या सुमारे ३०० ग्राहकांपर्यंत लंडनहून येणारे कार्यक्रम पोहोचविणे, एवढेच त्या केंद्राचे प्रारंभीचे कार्य होते. यंत्र आफ्रिकेत आले होते. आवाज मात्र परका होता. तो आवाज आपला कसा झाला आणि आपला झाल्यावरही त्यावरील विश्वास कसा डळमळला, याचा इतिहास लोकशिक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

पातेल्यातील रेडिओ

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मध्य आफ्रिकेतील लुसाका येथे घडले. आजच्या झांबियाचे नाव तेव्हा उत्तर ऱ्होडेशिया होते. तेथील माहिती खात्याचे प्रमुख हॅरी फ्रँकलिन यांनी १९४१ साली, महायुद्धाच्या काळात, एक लहानसे केंद्र उभारले. युद्धाच्या वार्ता सांगणे हा मूळ हेतू. परंतु पुढे या केंद्राने बेम्बा, न्यान्जा, टोंगा, लोझी अशा लोकभाषांतून आफ्रिकी श्रोत्यांसाठी कार्यक्रम देण्याचे धोरण अंगीकारले.

कार्यक्रम तयार झाले, पण ऐकणार कोण? खेड्यात वीज नव्हती आणि त्या काळातील रेडिओसंच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. कोरड्या बॅटरीवर चालणारा स्वस्त संच बनवावा, म्हणून फ्रँकलिन यांनी ब्रिटनमधील कारखानदारांकडे दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर 'एव्हर रेडी' कंपनीने ही कल्पना स्वीकारली आणि १९४९ साली 'सॉसपॅन स्पेशल' बाजारात आला. नऊ इंच व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारख्या भांड्यात हा संच बसविलेला होता. किंमत पाच पौंड. बॅटरीला निराळा सव्वा पौंड. एक बॅटरी सुमारे ३०० तास चाले. पुढील काही वर्षांत असे सुमारे ५०,००० संच विकले गेले. बेम्बा भाषेने तर 'वायरलेस' या इंग्रजी शब्दाचे 'वायालेशी' असे रूप करून तो आपल्याच घरात सामावून घेतला.

गावचे गाणे गावाला परत

श्रोत्यांना या पेटीतून काय ऐकू आले, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. अलिक न्खाटा हे शिक्षकाचे प्रशिक्षण घेतलेले आणि महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेले गृहस्थ या केंद्रावर निवेदक व गायक होते. ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन केंद्राची मंडळी खेडोपाडी जात आणि तेथील गीते, कथा व वादन टिपून आणीत. न्खाटा यांनी अशा लोकगीतांना गिटारची साथ देऊन नव्या चाली बांधल्या. तांब्याच्या खाणीत राबण्यासाठी दूरच्या गावाहून आलेल्या मजुराच्या जीवनाला त्यांच्या गीतांत स्थान मिळाले. लुसाका केंद्रात आफ्रिकी संगीताचा मोठा संग्रह त्यातूनच उभा राहिला. जात्यावरची ओवी लिहून घेणाऱ्या महाराष्ट्रातील शिक्षकांना या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको.

विश्वासाची कसोटी

परंतु केवळ भाषा आणि गाणे आपले असले, म्हणजे नभोवाणी आपली होते काय? १९५३ साली ब्रिटिश सरकारने उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया व न्यासालँड यांचे एक संघराज्य निर्माण केले. मूठभर गोऱ्या वसाहतवाल्यांची सत्ता यामुळे कायमची होईल, अशी आफ्रिकी जनतेची धारणा होती आणि तिचा या योजनेला तीव्र विरोध होता. सरकारी नभोवाणीला मात्र सरकारची बाजू मांडणे भाग पडले. ज्यांच्या आवाजाची लोक आतुरतेने वाट पाहत, तेच निवेदक आता विकले गेले असावेत, असा संशय बळावला. या केंद्रावर काम केलेले पीटर फ्रेंकेल यांनी 'वायालेशी' या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा अनुभव नोंदविला आहे. अनेक वर्षांच्या परिश्रमाने मिळविलेला विश्वास अल्पावधीत डळमळीत झाला. संघराज्य १९६३ साली विसर्जित झाले आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानंतर बेम्बा भाषेत सुरू झालेला एक कार्यक्रम दीर्घकाळ गाजला. 'जो आधी विचारतो, त्याला अळंबीची विषबाधा होत नाही' या अर्थाची एक बेम्बा म्हण आहे. तीच त्या कार्यक्रमाचे शीर्षक होती. श्रोत्यांनी पत्रे लिहावीत, घरातील व गावातील अडचणी मांडाव्यात आणि निवेदकाने वडीलधाऱ्या माणसाच्या जिव्हाळ्याने उत्तर द्यावे, असे त्याचे स्वरूप होते. येथे विषय श्रोता ठरवीत होता. विश्वासाचे रहस्य या साध्या व्यवस्थेत आहे.

पुणे आणि घाना

या विचाराशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. १९५६ साली 'युनेस्को'च्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत, १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, निर्णय घ्यावा आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ही पद्धत होती. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे तिचे सूत्र. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि १९५९ साली ही योजना देशाच्या इतर भागांत नेण्यात आली.

पुढे १९६४-६५ मध्ये युनेस्को व कॅनडा यांच्या साहाय्याने घानामध्ये असाच प्रयोग झाला. त्या देशाच्या पूर्व भागातील ४० गावांत ६० श्रोतृमंडळे स्थापन झाली. पुण्याजवळच्या चावडीत आणि घानातील झाडाच्या सावलीत माणसे एकाच रीतीने रेडिओभोवती बसली, ही घटना दोन्ही देशांना भूषणावह आहे.

आज माहिती पोहोचविण्याची साधने पुष्कळ झाली आहेत. पातेल्यातील रेडिओ आता संग्रहालयाची वस्तू झाला असला, तरी त्याने शिकविलेला धडा जुना झालेला नाही. ज्या अधिकाऱ्याला योजना समजावून द्यावयाची आहे, त्याने गावाच्या बोलीत बोलावे. शिक्षकांनी गावातील वृद्धांची गाणी व कथा त्यांच्या हयातीतच मुद्रित करून ठेवावीत. आणि पंचायतीच्या सभासदांनी ग्रामसभेत आलेल्या प्रत्येक प्रश्नाला, तो अडचणीचा असला तरी, उत्तर मिळेल याची दक्षता घ्यावी. 'ऐका' असे सांगण्याचा अधिकार त्यालाच पोहोचतो, जो स्वतः आधी ऐकतो.