दिवाण-इ-खासचे छत
(अधिवेशनासाठी दिल्लीस आलेल्या प्रतिनिधींच्या स्वागतप्रसंगी शाळेच्या सभागृहात केलेले भाषण)



उद्या दुपारी आपणांस दिल्लीदर्शनासाठी मोकळीक आहे. कुतुबमिनारापासून चांदनी चौकापर्यंत सारेच उरकण्याचा मोह होईल. माझी विनंती एवढीच, की लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासपाशी घटकाभर थांबावे आणि मान वर करून त्याचे छत पाहावे.

आज तेथे रंगविलेले लाकडी छत आहे. शहाजहानने किल्ला बांधला तेव्हा ते रुप्याने मढविलेले होते. शाळेच्या सहलीत आम्ही ते पाहत असता वाटाड्या सहज म्हणाला, "चांदी मराठ्यांनी काढून नेली." आम्ही मुले खजील झालो. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला गुरुजींना विचारले, "हे खोटे ना?" गुरुजी म्हणाले, "खरे आहे. पण पुढचेही ऐका."

१० जानेवारी १७६० रोजी याच शहराच्या उत्तरेस, यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. आज त्या परिसरात दाट वस्ती आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. खजिन्यात पैसा नव्हता आणि फौजेचा पगार थकला होता. छताला जे रुपे उरले होते ते उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले.

परंतु दिल्लीशी आपले नाते तेथे संपले नाही. दहा वर्षांनी मराठी फौजा पुन्हा येथे आल्या आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या साह्याने बादशहा शाहआलम आपल्या राजधानीत परतला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने याच किल्ल्यात त्या वृद्ध बादशहाचे डोळे काढले. तेव्हा महादजींच्या फौजेने दिल्ली सोडविली आणि त्याला पुन्हा तख्तावर बसविले. त्या फौजेच्या सरदारांत राणेखान होता. पानिपतावरून जखमी महादजींना वाचविणारा भिस्ती तो हाच. महादजी त्याला भाऊ मानीत. पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला आणि बादशहा त्यांच्या आश्रयास गेला.

गुरुजींनी त्या तासाला रुपे काढल्याचे झाकले नाही, की महादजींचा पराक्रम फुगवून सांगितला नाही. दिल्लीत राहणाऱ्या मराठी मुलाला या दोन्ही गोष्टी ठाऊक हव्यात, असे त्यांना वाटे. परक्या गावी आपला इतिहास ऐकणारे शेजारी असतात. एक बाजू लपविली, तर दुसरीवर त्यांचा विश्वास बसत नाही.

उद्या आमच्या शाळेची मुले आपल्याबरोबर असतील. त्यांना छताविषयी अवश्य विचारा. ती दोन्ही गोष्टी सांगतील. आणि एखादी विसरलीच, तर ती आपण त्यांना सांगावी, अशी माझी प्रार्थना आहे.