निवडणुकीची तारीख कोणाच्या हाती?

(दर्यापूर येथे पक्षकार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर्यापूर नगरपरिषदेची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली आणि त्यानंतरची २०२५ च्या डिसेंबरात. मधल्या नऊ वर्षांपैकी पाच वर्षे लोकनियुक्त परिषदेची; उरलेला सुमारे चार वर्षांचा काळ प्रशासकाचा. आता निकाल लागले, गुलाल उधळून झाला, तेव्हा झाले गेले विसरावे असे पुष्कळांना वाटते. परंतु ही दिरंगाई विसरली तर तिची पुनरावृत्ती अटळ आहे.

निवडणूक केव्हा घ्यावी, हा प्रश्न वरवर सोयीचा दिसतो. पाऊस, परीक्षा, पेरणी, सण अशी कारणे पुढे येतात. खरा प्रश्न सत्तेचा आहे. ज्याच्या हाती तारीख, त्याच्या हाती निम्मी निवडणूक. सत्तारूढ पक्ष अनुकूल वाऱ्याची वाट पाहतो आणि मुदत सरत आलेल्या सदस्यालाही आणखी वर्षभर खुर्ची हवीच असते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांची १९७९ नंतरची सार्वत्रिक निवडणूक १९९२ मध्ये झाली, हा इतिहास जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. असल्या मनमानीला आळा घालण्यासाठीच चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली व १ जून १९९३ पासून ती अंमलात आली. परिषदेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही; आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे घटना सांगते. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन निःसंदिग्ध शब्दांत अधोरेखित केले.

मग महाराष्ट्रात घटना निष्प्रभ का ठरली? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणामुळे, असे उत्तर दिले जाते. हे उत्तर अर्धसत्य आहे आणि मागासवर्गीयांवर अन्याय करणारेही आहे. स्वतंत्र आयोग, स्थानिक संस्थानिहाय मागासलेपणाची पाहणी आणि एकूण आरक्षणास पन्नास टक्क्यांची मर्यादा, या तीन अटी घटनापीठाने २०१० सालीच घातल्या होत्या. ४ मार्च २०२१ रोजी, वाशिमच्या विकास गवळी यांच्या याचिकेवरील निकालात, त्या न पाळल्याबद्दल न्यायालयाने आरक्षणाला अटकाव केला. मधली दहा वर्षे माहिती गोळा करण्यास कोणी हात धरला होता? बांठिया आयोग नेमला गेला तो मार्च २०२२ मध्ये.

त्याच महिन्यात तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने कायदा दुरुस्त करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले. पुढे सरकार बदलले. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये महापालिकांच्या सदस्यसंख्येबाबतचा आधीचा निर्णय फिरविला. २२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला आणि सारे गाडे रुतले, ते ६ मे २०२५ च्या आदेशानंतर हलले. सामाजिक न्यायासाठी निवडणूक लांबली म्हणावे, तर या काळात मागासवर्गीय नगरसेवक किती निवडून आले? एकही नाही. सवर्ण श्रीमंताला नगरसेवकाची गरज कमी असते. त्याची ओळख थेट साहेबांशी असते. बेलदार, तेली, माळी, बौद्ध, मुस्लिम वस्तीतील बाईला मात्र नळाची तक्रार सांगायला आपल्याच मोहल्ल्यातला माणूस लागतो. दर्यापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. इथे जमिनीतले पाणी खारे आणि गोडे पाणी दूर शहानूर धरणावरून यायचे. अशा गावात ही तक्रार क्षुल्लक नव्हे.

अर्थकारणाची बाजूही पाहावी. लोकनियुक्त परिषदेत अंदाजपत्रकावर चर्चा होते, निविदेवर हरकत घेता येते, घरपट्टीच्या वाढीला विरोध नोंदविता येतो. प्रशासकाच्या राजवटीत प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. तो अधिकारी कितीही सचोटीचा असो, मतदाराला त्याच्याकडे हिशेब मागता येत नाही. कर भरणारा नागरिक आणि खर्च ठरविणारा हात यांच्यातील दुवाच तुटतो.

म्हणून पक्षाने तीन मागण्या लावून धराव्यात. प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडे परत द्यावा. मागासलेपणाची पाहणी, मतदारयाद्या आणि सोडती हे सारे मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पूर्ण करण्याचे बंधन कायद्यात घालावे. आणि प्रशासक नेमावाच लागला, तर घटनेने बरखास्त परिषदेसाठी घातलेली सहा महिन्यांची मर्यादा त्यालाही लागू व्हावी.

डॉ. लोहियांच्या चौखंभा राज्याच्या कल्पनेत गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब आहेत. त्यांतला पायाजवळचा खांब चार वर्षे काढून ठेवला, तरी वरचे छप्पर डगमगले नाही. कारण त्याचा भार गरिबांच्या खांद्यावर गेला होता. नव्या परिषदेची पाच वर्षे पहिल्या सभेच्या दिवसापासून मोजली जातात. प्रत्येक शाखेने तो दिवस आपल्या दप्तरात आजच नोंदवावा आणि चौथे वर्ष संपताच सरकारच्या दारात उभे राहावे.