हजेरी कोणाच्या हिताची?



शिस्तीवांचून शेत पिकत नाहीं, माग चालत नाहीं, शाळा भरत नाहीं. हें खरें असल्यामुळेंच शिस्तीचें नांव घेऊन कोणी गळ्यांत दावें अडकविलें तरी तें आपल्याला लवकर ओळखूं येत नाहीं.

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ सालीं तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्मलेलें मूल पाळण्यांतच चोर ठरलें! मोठ्यांचीं नांवें वहींत, बोटांचे ठसे कागदावर, ठरल्या वेळीं हजेरी. परगांवीं जावयाचें तर परवानगी. सोलापुरांत तारांच्या कुंपणाआड वसाहत करून कुटुंबेंच्या कुटुंबें ठेविलीं. दिवसा गिरणींत राबावें, काम सुटतांच कुंपणांत परतावें. याला नांव दिलें 'सुधारणा'!

आतां विचार करा. ज्याला रोज हजेरी द्यावयाची, तो दूरच्या बाजाराला कसा जाईल? सुगीला परगांवीं मजुरी कशी करील? गांवांत मिळेल त्या दामावर त्याला राबावेंच लागतें. पोट भरलें नाहीं व त्यानें कणीस तोडलें, कीं 'पाहा, जातच चोर!' म्हणावयास आपण मोकळे. अशी ही शिस्त चोर धरीत नाहीं, चोर घडविते. आणि हजेरी घ्यावयास दर वेळीं गोरा साहेब येत नसे. गांवचा पाटीलच घेई.

राजर्षि शाहू छत्रपतींनीं हें ओळखलें. १९१८ सालीं त्यांनीं कोल्हापूर संस्थानांत महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. देशभरांतून तो कायदा शेवटीं १९५२ सालीं रद्द झाला. तरी वळण गेलें नाहीं. कित्येक राज्यांच्या तुरुंगांत झाडूकाम एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला, असे नियम चालूच होते. ते सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें घटनाबाह्य ठरविले.

शाळेंतही हजेरी असते. पालावरचें मूल आलें नाहीं तर मास्तरानें पालावर जाऊन कारण विचारावें, यासाठीं ती आहे. 'त्यांची जातच तशी' म्हणून जो नांव कमी करतो, त्यानें शाळेची पोलीस-चौकी केली असें समजा.

म्हणून कोणताही नियम पुढें आला कीं दोन प्रश्न विचारा. यानें ज्याच्यावर तो घातला त्याचें कांहीं भलें होतें काय? आणि 'हा नियम कशासाठीं?' असें विचारण्याची त्याला मुभा आहे काय? दोन्हींचें उत्तर 'नाहीं' असेल, तर ती शिस्त नव्हे, गुलामगिरी आहे.

गांवांत चोरी झाली तर पुरावा पाहा; पालाकडे बोट दाखवूं नका. आणि आपल्या मुलाबरोबर पालावरचें एक मूल शाळेंत घेऊन या. एवढें केलेंत तर माझें बोलणें सार्थकीं लागलें असें मी समजेन.