हवामानबदल : असुरक्षित कोण, हे आधी पाहू या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच वितळत्या हिमनद्यांकडे आणि पाश्चात्त्य राष्ट्रांच्या धुराड्यांकडे वळते. धूर कोणी सोडला, हा प्रश्न न्याय्य आहे आणि जागतिक परिषदांत भारताने तो सातत्याने मांडलाही आहे. परंतु त्याचा निवाडा होईपर्यंत आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला थांबता येत नाही. म्हणून आज मी दुसऱ्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे. एखादा प्रदेश या बदलापुढे किती असुरक्षित आहे, हे मोजायचे कसे आणि त्यानुसार तयारी करायची कशी?

आपण सवयीने पर्जन्यमानाचा आकडा पाहतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यात अतिवृष्टीने पिकांबरोबर शेतातील मातीही वाहून गेली. अशा प्रदेशाची वार्षिक सरासरी काढून काय हाती लागणार?

अभ्यासक तीन गोष्टी एकत्र पाहतात. संकट किती तीव्रतेने येते, त्याची झळ उपजीविकेला किती बसते आणि सावरण्याचे बळ किती आहे. पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तर ती शिवारातील सर्वांनाच दिली. परंतु ज्याची विहीर बागायती आहे आणि ज्याच्या घरी एक नोकरीचा पगार येतो, तो हंगाम निभावून नेतो. शेजारचा दोन एकर कोरडवाहूवाला मात्र सावकाराच्या दारात उभा राहतो. आकाश एकच, असुरक्षितता वेगळी.

राज्य शासनाने २०१० मध्ये ‘टेरी’ या संस्थेकडे महाराष्ट्राचा असा अभ्यास सोपविला. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. राज्यात तापमानाबरोबर पाऊसही वाढेल, असा त्याचा अंदाज होता. सर्वांत असुरक्षित जिल्हा म्हणून त्यात नाव आले ते नंदुरबारचे. सोलापूरचे किंवा अहिल्यानगरचे नव्हे. ज्यांनी सातपुड्याचा पावसाळा पाहिला आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटेल. पण कारणे स्पष्ट आहेत. डोंगरउताराची, पावसावर विसंबलेली शेती. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येच्या दोनतृतीयांशाहून अधिक जनजाती समाज आणि राज्यातील सर्वांत कमी साक्षरता. जोडीला कुपोषण. पाऊस आहे, पण तो चुकला तर आधाराला काही नाही.

आता नियोजनाकडे येऊ. दिवाळीनंतर या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि वीटभट्ट्यांवर गुजरातेत जातात. अनेकजण होळीला परततात. काठीच्या होळीला जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे सांगावयास नको. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावाचा आराखडा मंजूर झाला, तर ज्यांच्यासाठी तो करायचा तेच त्या सभेत नसतात. कागदावर गणपूर्ती होते, ठराव होतो आणि सिमेंटचा बंधारा बहुधा ज्याच्या शेताला आधीच पाणी आहे त्याच्या शेताजवळ बांधला जातो. हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या, एवढी साधी सूचना कोणत्याही तज्ज्ञ समितीच्या शिफारशीइतकीच मोलाची आहे, असे माझे मत आहे.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील डोंगर उघडे होते आणि पाण्याची वणवण होती. चैत्राम पवार आणि ग्रामस्थांनी चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले, तोडीवर दंड बसविला, दगडी बांध घातले, चर खणले. विहिरींना पाणी आले. २००४ पासून तेथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. पीक गेले तरी ताटात काय वाढता येईल, याची ती जिवंत नोंदवहीच म्हणावी लागेल. चैत्रामजींना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हारतुरे झाले; पण या कामाला तीस वर्षे लागली, हे भाषणांत फारसे कोणी सांगितले नाही. शासकीय प्रकल्पाची मुदत मात्र पाच-सहा वर्षांची असते.

एक धोकाही सांगतो. मराठवाड्यात अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली शेततळी पावसाच्या पाण्याने नव्हे, तर विंधनविहिरींतून उपसलेल्या पाण्याने भरली गेली. ज्याच्याकडे पंप होता त्याची बाग वाचली, खालच्या शेतकऱ्याची विहीर आटली. कागदोपत्री हेही ‘अनुकूलन’च. म्हणून प्रत्येक कामापुढे हा प्रश्न लिहून ठेवा की, या पाण्यामुळे कोणाचे पाणी कमी होणार आहे?

आपण येथून गावी परताल, तेव्हा प्रथम घरांची यादी करा. कोरडवाहू कोण, स्थलांतर करणारे कोण, एकट्या स्त्रीच्या कष्टावर चालणारे घर कोणते, कोणाच्या घरचा माणूस कर्जापायी बांधील आहे. मग पाणलोटाचा नकाशा काढा आणि ही घरे त्यावर दाखवा. पर्जन्यमापकाचा आकडा तहसील कार्यालयात मिळेल. ही यादी तेथे मिळणार नाही. ती घरोघरी जाऊनच करावी लागेल, आणि तीही मंडळी गावात असताना, म्हणजे होळी ते मृग या काळात.