लाल डोळा आणि जुनी बाटली
२०२३ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रांत डोळे येण्याची मोठी साथ आली. असे डोळे बहुधा विषाणूमुळें येतात. पाणी व चिकटा येऊन दोन आठवड्यांत निवळतात. हात धुवावेत, टॉवेल निराळा ठेवावा.

परंतु आपल्या यवतमाळकडे पऱ्हाटीचें किंवा तुरीचें टोक लागून एकच डोळा लाल झाला, ठणकूं लागला, उजेड सोसेना, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला, तर ती बुरशीची जखम असूं शकते. शेतावरून आलेल्या माणसाला आपण कपाटांतली जुनी बाटली मोठ्या मायेनें देतों. तींत स्टिरॉइड असेल तर लाली ओसरते, जखम मात्र आंत वाढते. बुबुळावर फूल पडून दृष्टि जाऊं शकते. दूध-मध तर नकोच! डोळा चोळूं नये, बांधूं नये. त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावा.